जुना निन्टेन्डो स्विच: चार्ज होत नाही, वायफायही सापडत नाही

प्रश्न: ओएलएक्सवर बघितलेला जुना स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल), २०१७चं मॉडेल. चार्जर लावला तरी स्क्रीन काळीच. विकणारा म्हणतो, चालू असताना वायफायची यादी रिकामी यायची. घ्यावा का?

उत्तर: यूएसबी-सी मीटर (चार्जर आणि कन्सोलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा) घेऊन जा. मूळ चार्जर ५ आणि १५ व्होल्ट देतो. आकडा १५ वर गेला तर पोर्ट आणि चार्जिंग सांभाळणारी एम९२टी३६ चिप बहुतेक ठीक. ५ वरच अडकून सुमारे ०.४ अँपिअर दाखवत असेल, तर संशय त्या चिपवरच. स्वस्तातल्या डॉकने (टीव्हीला जोडायच्या स्टँडने) ती जाऊ शकते. केबल उलटी करूनही बघा. एकाच बाजूने चार्ज होत असेल तर बहुतेक पोर्टची पिन वाकलीये.

बॅटरी पार उतरली असेल तर आधी अर्धा तास चार्जिंगला ठेवा, मग पॉवर बटण १२ सेकंद दाबून सोडा आणि पुन्हा दाबा. हे न करता कन्सोल उघडू नका.

उत्तर: उघडलाच तर सगळ्यात आधी बॅटरी काढा. मग मल्टीमीटर बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवून त्या एम९२टी३६ चिपशेजारचे कपॅसिटर तपासा. एक टोक ग्राउंडला (बोर्डाच्या निगेटिव्हला) बीप करणारच. दोन्ही टोकांनी बीप केलं तर ती लाइन शॉर्ट.

उत्तर: वायफायचं: जॉयकॉन (बाजूचे सुटे होणारे कंट्रोलर) लावलेले असताना चालतात, काढले की बंद? मग ब्लूटूथही गेलंय, कारण दोन्ही एकाच चिपवर आहेत. अँटेनाच्या वायरी निसटल्या असतील तर दाबून बसतात, पाच मिनिटांचं काम. चिप बदलायला मात्र हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र) लागतं. दोन्ही दोष असतील तर सुट्या भागांच्या भावातच मागा.