मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ भागिले ९, उत्तर नक्की काय?

घाटकोपरकर: लवकर सांगा, उद्या वही द्यायची आहे. वरच्या संख्येला ९ ने भागलं की मला शेवटी ३७० येतंय, लेकीला कागदावर ३६९. ती ऐकत नाही. शिवाय या संख्येला एकूण विभाजक किती तेही हवंय.

गिरगावचा_मास्तर: कितवीत आहे? आणि तुम्ही भागाकार कशावर केलात?

घाटकोपरकर: कितवीचा काय संबंध? कॉम्प्युटरवर केला.

अंधेरी_फास्ट: वैदिक गणित शिकवा तिला, चुटकीसरशी होतं. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊने निःशेष भाग जाणार.

घाटकोपरकर: भाग जातो हे माहीत आहे हो! ३६९ की ३७०?

गिरगावचा_मास्तर: ३७० ला नवाने गुणलं तर शेवटी शून्य येईल, तुमची संख्या १ वर संपते. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. उत्तर १३७१७४२१०९७३९३६९. लेक बरोबर आहे.

पवईचा_कोडर: कॉम्प्युटर म्हणजे एक्सेल ना?

घाटकोपरकर: मग ऑफिसात आणखी काय असतं?

पवईचा_कोडर: तिथेच पाणी मुरतंय. एक्सेल १५ अंक धरतं, पुढे शून्य भरतं. तुमची संख्या १७ अंकी. सेलमध्ये बघा, ३२१ च्या जागी ३०० असेल. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा.

अंधेरी_फास्ट: पायथॉन कशाला? ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाका.

पवईचा_कोडर: टाकून तर बघा, शेवटी ३२० येईल. कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट भाषा चालते, तिचे साधे आकडे २ च्या ५३ व्या घातापर्यंतच भरवशाचे.

डोंबिवलीची_सून: मुलीला गणिती द. रा. कापरेकरांचं ६१७४ दाखवा. कुठलेही चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करत राहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं.

घाटकोपरकर: ताई, हे विचारलंय कुणी?

डोंबिवलीची_सून: संबंध आहे म्हणून सांगतेय. तुमची ती चढत जाऊन उतरणारी संख्या म्हणजे डेम्लो संख्या. नाव कापरेकरांनीच दिलं, जीआयपी, म्हणजे आताच्या सेंट्रल रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवरून. म्हणजे आमचं डोंबिवली.

अंधेरी_फास्ट: सगळं सेंट्रललाच कसं सुचतं?

डोंबिवलीची_सून: कापरेकर जन्मले डहाणूला. घ्या तुमची वेस्टर्न.

घाटकोपरकर: विभाजक!!

गिरगावचा_मास्तर: ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग, नऊ वेळा एक. त्याचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात घातांक होतात ४, २, २. प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा: ५ × ३ × ३ = ४५. विषम आलं म्हणून दचकू नका, वर्गसंख्येला विभाजक विषमच असतात.

घाटकोपरकर: लेक विचारतेय, नऊऐवजी दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर शेवटून १० पर्यंत चढेल का?

गिरगावचा_मास्तर: नाही. मधल्या रकान्यात दहा वेळा १ जमतो, हातचा डावीकडे सरकतो आणि येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला. वहीत उभी मांडणी करायला सांगा, हातचे दिसू देत.