मदत हवी आहे: नोकरी सोडून वन्यजीव छायाचित्रण, तेही गोव्यात

नमस्कार मंडळी,

फोंड्यात राहतो. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. बायको शिक्षिका, मुलगी तिसरीत, घराचा हप्ता चालू. सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन मोले, तांबडी सुर्ला नाहीतर चोर्ला घाट, हे बरीच वर्षं चाललंय. आता हेच पूर्णवेळ करावं असं डोक्यात बसलंय. कॅमेरा कुठला घ्यावा हे विचारत नाहीये, त्यावर इथे आधीच महाभारत झालंय. मला विचारायचंय ते पैशाबद्दल. या धंद्यात पैसा नक्की कुठून येतो?

कारण नुसते फोटो विकून घर चालवणारा मला अजून कुणी भेटलेला नाही. जो तो लग्नाचे हंगाम तरी करतो, नाहीतर पर्यटकांना फिरवतो. एका रिसॉर्टवाल्याने माझे धनेशाचे फोटो मागितले. पैशाचा विषय काढला तर म्हणे, "नाव टाकू की खाली!"

दुसरी अडचण हंगामाची. आपल्याकडे ताडोबासारखी वाघाची हमखास सफारी नाही. पर्यटक येतो डिसेंबरात, किनाऱ्यासाठी. आणि आपल्या जंगलाला खरा बहर पावसाळ्यात, जेव्हा दूधसागरच्या जीपसुद्धा बंद असतात. पण त्याच दिवसांत पुण्या-बेंगळुरूची मंडळी चोर्ल्याला बेडूक आणि साप बघायला येतात, म्हणजे गिऱ्हाईक आहे.

आता खरी गोची. अशा एका ग्रुपबरोबर रात्री गेलो होतो. मलबारी चापडा डबक्याच्या कडेला, गुडघ्याएवढ्या झुडपात वेटोळं करून बसलेला, पिवळ्या रंगाचा (हा साप हिरवा, तपकिरीही असतो). वरच्या पानाला उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं लटकलेलं, पिल्लं खाली पाण्यात पडायची म्हणून त्याने शोधलेली जागा. एवढं सगळं एका चौकटीत! पण वाटाड्याने काठीने साप उचलला आणि शेवाळलेल्या फांदीवर नेऊन ठेवला, का तर मागचं पान फाटकं होतं. मग सगळ्यांनी ओळीने तोच फोटो काढला. हा साप भक्ष्याची वाट बघत कित्येक दिवस एकाच जागी बसतो, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

मला हे करायचं नाही. पण "हात लावायचा नाही" असं आधीच सांगितलं, तर पैसे मोजून माझ्याबरोबर येणार कोण? जे या धंद्यात आहेत त्यांनी स्पष्ट सांगावं, वाईट वाटणार नाही.

रानवाट:
येतात. बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवायचं: साप-बेडूक हलवणार नाही, ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बोलावणार नाही, तिबोटी खंड्याच्या बिळासमोरची फांदी तोडणार नाही. काही जण गळतात, गळू देत. राहतात ते परत येतात आणि मित्रांना घेऊन येतात. चार-पाच जणांपेक्षा मोठा ग्रुप नको.

माझं बघाल तर पावसाळ्यात बेडूक-साप, ऑक्टोबर ते मार्च पक्षी. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात भरती बघून होडीने, करमळीच्या तळ्यावर पहाटे. मधल्या काळात मॅक्रोच्या, म्हणजे बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो काढायच्या कार्यशाळा. घर चालतं ते यावर. फोटोंची विक्री म्हणजे वरची मलई, आली तर आली.

रिसॉर्टवाल्याला फोटो देणार असाल तर लेखी द्या: कशासाठी, किती काळ, कुठे वापरायचा. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि करारात काही लिहिलं नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क त्याच्याकडे जातो. ऑर्डर घेताना बरेच जण इथेच फसतात.

सत्तरीकर:
भाऊ, परवानगीचं बघा आधी. अभयारण्यात तिकीट आणि कॅमेऱ्याची फी भरली म्हणजे धंदा करायची मुभा मिळाली असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम २८ खाली छायाचित्रणासाठी परवाना आहे, तो मुख्य वन्यजीव संरक्षकांकडून. रात्री ग्रुप न्यायचा तर वनखात्याशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नका. खासगी जमीन असेल तर मालकाचा होकार घ्या. आणि काठीने साप उचलणाऱ्यांना सांगा, त्याच कायद्यात पकडणं आणि हुसकावणंही शिकारीतच मोडतं. वर साप विषारी. गिऱ्हाइकाला चावला तर तिथून इस्पितळ किती लांब, आणि मोबाईलला रेंज कुठे?

पावसाळी_छत्री:
ताईचा सल्ला समजा. राजीनामा एवढ्यात नको. एक पावसाळा बिनपगारी रजा मागा आणि सगळा हिशेब वहीत लिहा. पेट्रोल, विमा, रद्द झालेली बुकिंगं, सगळं. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, त्यामुळे ड्राय कॅबिनेटचा (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) खर्च आधी धरा, नव्या लेन्सचा मागाहून. मोठ्या टेलीची, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची घाई नकोच. आपल्या दाट झाडीत प्रकाश इतका कमी की एफ ६.३ ची, म्हणजे उजेड कमी आत घेणारी लेन्स ढगाळ दिवशी रडवते. मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारा चांगला डिफ्यूजर एवढ्यावर पावसाळा निघतो. आणि बायकोशी बोललात का? तुमच्या लेखात तिचं मत कुठेच दिसलं नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बायकोचं म्हणणं "हप्ता फिटू दे, मग काय ते कर", म्हणजे अजून चार वर्षं. बिनपगारी रजा कंपनी देईलसं वाटत नाही, पण रात्रपाळी सोडून घेता येईल आणि शनिवार-रविवार मोकळे होतील. रानवाट, तुम्ही वापरता त्या कराराचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? त्या रिसॉर्टवाल्याचा परत फोन आलाय.