शाळेत पांढरा फळा घ्यावा, पण स्वस्तातला घेऊ नये. तुमचं मत काय?

माळावरची बाई

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३१. गणपतीत गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून फळ्यांसाठी पैसे दिले. आताचे दोन्ही फळे म्हणजे भिंतीवर सिमेंट घोटून वर काळा रंग मारलेला. एकाला मधोमध तडा गेलाय. दुसऱ्यावर पावसाळ्यात ओल येते आणि खडू उमटतच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, जुनेच रंगवून घ्या आणि उरलेल्या पैशांची पुस्तकं आणा. बाकीच्यांना पांढरे फळे हवेत.

मी पांढऱ्याच्या बाजूची आहे, आणि हे मत मी एकदा पोळल्यावर बनवलंय. आधीच्या शाळेत आम्ही तालुक्याच्या एका दुकानातून सगळ्यात स्वस्त सहा बाय चारचा बोर्ड आणला होता. पहिले सहा महिने छान गेले. मग पुसलेली अक्षरं मागे राहायला लागली. दुसऱ्या वर्षी कालची वजाबाकी आणि आजची कविता एकमेकांत मिसळायची, मागच्या रांगेतली मुलं डोळे बारीक करून बघायची. मला वाटायचं आपलंच पुसण्यात चुकतंय. नंतर कळलं की तो मेलामाइनचा होता, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळीवर चिकटवलेला पातळ थर. त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, घासून घासून ती वाढतात आणि शाईतला रंग आत जाऊन बसतो.

सिरॅमिक स्टीलचा बोर्ड वेगळा. त्यात पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून एकजीव केलेली असते. आजीकडच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्या आठवा, तीच जात. शाईला आत शिरायला जागाच नाही. किंमत मात्र मेलामाइनच्या कितीतरी पट. म्हणून मी समितीत सांगितलं, दोन स्वस्त घेण्यापेक्षा एक चांगला घेऊ आणि एकाच वर्गात लावू. शिवाय माझ्या वर्गातल्या एका मुलाला दमा आहे. डस्टर हातात घेतला की तो न सांगता दाराबाहेर जाऊन उभा राहतो. मला ते बघवत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, तुमची तळमळ कळते, पण माझं मत विरुद्ध आहे. देणगी एकदाच मिळते, मार्कर दर महिन्याला लागतात. संयुक्त शाळा अनुदानातून वीजबिल, दुरुस्ती, स्टेशनरी सगळं भागवायचं असतं. त्यात मार्करचा खर्च कुठे बसवणार? दोन वर्षांनी तुमची बदली झाली आणि नंतर आलेल्या शिक्षकाने शाई भरली नाही, तर भिंतीवर महागडा कोरा पत्रा तेवढा उरेल.

१९८७ साली खडू-फळा मोहीम आली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य हा तिचा गाभा. नावात खडू आणि फळा उगाच नव्हता. ही दोन साधनं कोणत्याही खेड्यात, कुणालाही, दुरुस्त करून वापरता येतात. आम्ही निकामी सेलमधली काळी पूड पानांच्या रसात कालवून मुलांसह फळा घोटायचो. कार्यानुभवाच्या तासाला साच्यात खडू पाडायचो. पांढऱ्या बोर्डातलं काय गावात दुरुस्त होतं?

धुळीवरही उपाय आहे. साधा खडू जिप्समचा, त्याची पूड हलकी. डस्टलेस खडू कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्याचे कण जड असल्याने हवेत तरंगण्याऐवजी खाली पडतात. आणि फळा कोरड्या डस्टरने झटकण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावा. त्या मुलाला बाहेर जावं लागणार नाही.

क्लासवाला, नाशिक

सर, खर्चाच्या मुद्द्याबद्दल आदराने असहमत. मी दहा वर्षं पांढऱ्या बोर्डावर शिकवतोय. दरवेळी नवा मार्कर घेतला तर खर्च वाढतो हे खरं. पण रिफिलचा मार्कर आणि शाईची १५ मिलिची बाटली घेतली की गणित बदलतं. नवा मार्कर २५-३० रुपयांना पडतो, एका बाटलीत मात्र मार्कर एकापेक्षा जास्त वेळा भरतो. माझा मार्कर वाया जातो तो टोक चेपल्यामुळे. शाई संपल्यावर कोरडा मार्कर दाबून लिहिण्याची सवय सुटली की टोकही टिकतं. काही मार्करची टोकंसुद्धा वेगळी मिळतात.

मार्कर कसे ठेवता यावर फार अवलंबून आहे. पेनस्टँडमध्ये टोक वर करून ठेवले तर रंग खाली उतरतो आणि अक्षर फिकं येतं. टोक खाली केलं तर गळतात. आडवे ठेवा, टोपण टक् आवाज येईपर्यंत दाबा. माझ्या क्लासमध्ये हे काम एका मुलाला आठवडाभर नेमून दिलेलं असतं आणि मुलं ते मनापासून करतात.

बाईंना एक सांगतो. बोर्ड रोज पुसा. सुट्टीला जाताना तर पुसाच. या शाईत अल्कोहोल, रंग आणि रंगाला बोर्डावर घट्ट बसू न देणारा एक तेलकट घटक असतो. अक्षर आठवडे तसंच राहिलं की ते सुकून धरून बसतं. तसं झालं तर घासत बसू नका. त्याच अक्षरावर नव्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. ताजं अल्कोहोल जुन्या शाईला सोडवतं. चुकून परमनंट मार्करने लिहिलं गेलं तरी बऱ्याचदा हाच उपाय चालतो.

चित्रकला शिक्षक

खर्च, धूळ, डाग यावर सगळे बोलले. माझं दुखणं वेगळं आहे. फलकलेखनाचं काय करणार?

सावित्रीबाईंची जयंती, शिवजयंती, प्रजासत्ताक दिन, एक मे. आपल्या शाळांमध्ये आदल्या संध्याकाळी कुणीतरी शिक्षक रंगीत खडू घेऊन फळ्यासमोर उभा असतो. खडू आडवा धरून पार्श्वभूमी भरायची, बोटाने चोळून छटा मऊ करायच्या, काळ्यातूनच सावली सोडायची. फळ्याचा काळा रंग हाच चित्रातला अर्धा अंधार असतो. मार्करने छटा येत नाही, बोट लावलं की रेघच पुसते. मी प्रयत्न करून पाहिलाय. पांढऱ्या बोर्डावर चेहरा काढला की तो बाह्यरेषेचाच राहतो.

माझ्या शाळेत एक मुलगी रोज लवकर येऊन फळ्यावर सुविचार लिहायची, वेलबुट्टीसकट. आज ती कलाशिक्षणाला गेली आहे. ती सुरुवात खडूने झाली. चौथीपर्यंतच्या मुलांच्या हातून हे काढून घेऊ नका.

गणित शिकवणारा

मीही खडूच्या बाजूचा. जपानमधल्या हागोरोमो कंपनीने २०१५ मध्ये खडू बनवणं थांबवलं, तेव्हा देशोदेशीच्या गणितज्ञांनी त्यांची खोकी साठवून ठेवली होती. पुढे यंत्रं दक्षिण कोरियात गेली आणि तो खडू पुन्हा बनू लागला. एवढं प्रेम कशापायी? खडू फळ्याला धरतो. हात आपोआप हळू चालतो, आणि सिद्धता लिहिताना विद्यार्थ्यालाही तेवढ्याच गतीने विचार करता येतो. मार्कर घसरतो. घाईत शिरोरेघ वाकडी जाते, अक्षरं नाचतात. खडू किती उरलाय ते दिसतं, मार्कर मात्र समीकरणाच्या मध्यावर दगा देतो.

माळावरची बाई

चित्रकलेच्या सरांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो खरा आहे.

अक्षराबद्दल मात्र माझा अनुभव उलटा आहे. गोल टोकाच्या मार्करने अक्षर नाचतं, हे मान्य. आधीच्या शाळेत मी तिरप्या कापलेल्या टोकाचा मार्कर वापरायचे. तो बोरूसारखा चालतो, कोन न बदलता लिहिलं की एका दिशेला जाड आणि दुसरीकडे बारीक रेघ येते. ‘क’ची गाठ, ‘श’चं वळण मुलांना नीट दिसतं. तिसरीतल्या मुलांनी तोच कोन धरायचा प्रयत्न सुरू केला होता, मी न सांगता. रंगांत काळा आणि निळाच लिहिण्यासाठी. लाल फक्त अधोरेखनाला, कारण मागून तो फिका दिसतो. शिवाय काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि ती तसं सांगत नाहीत.

स्टेशनरी दुकानदार, सांगली

मी दोन्ही विकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. मेलामाइनला सरसकट नावं ठेवू नका. घरी अभ्यासाला, सूचना लिहायला तो पुरतो. दिवसाला सात-आठ वेळा लिहून पुसण्याच्या वर्गात तो टिकत नाही, एवढंच.

घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर मेलामाइन. पण चिकटला म्हणजे सिरॅमिकच असं समजू नका. साध्या रंगवलेल्या पत्र्यालाही चुंबक चिकटतो, आणि तो रंग काही वर्षांत चरे पडून जातो. बिलावर ‘सिरॅमिक स्टील’ लिहून घ्या आणि पृष्ठभागाची हमी किती वर्षांची ते लेखी मागा. चांगल्या सिरॅमिकवर ती लांब मुदतीची असते. हमी तोंडी सांगणाऱ्याकडून घेऊ नका, मग दुकान माझं असो की दुसऱ्याचं.

काचेचा बोर्ड दिसतो देखणा, डाग अजिबात धरत नाही. पण वजनदार असतो आणि साधे चुंबक त्याला धरत नाहीत. प्राथमिक शाळेत मी तो सुचवणार नाही.

कोकणातली शिक्षिका

मी पांढऱ्याच्या बाजूची असून एका बाबतीत सावध करते. बाई, तुमच्या भिंतीला ओल आहे म्हणालात. तिथेच बोर्ड टांगला तर ओल मागून येईल. आमच्याकडे मागची फळी दोन पावसाळ्यांत फुगली, चौकटीजवळ पत्रा गंजला. आधी भिंतीची ओल काढा, नाहीतर बोर्ड आणि भिंतीत बोटभर जागा सोडा. पाण्याने पुसलं तर लगेच कोरडं करा.

दुसरं, चकाकी. खिडकीसमोर बोर्ड लावला की एका कोपऱ्यातल्या मुलांना नुसता उजेड दिसतो. बोर्ड पक्का करण्याआधी सकाळी अकराला आणि दुपारी चारला प्रत्येक कोपऱ्यात मुलांच्या उंचीला बसून बघा. आणि खालची कड इतकी खाली ठेवा की पहिलीतल्या मुलाला स्वतः लिहिता येईल.

सफाईला मऊ सुती फडकं आणि मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट. करोनाकाळातला सॅनिटायझर उरलाय म्हणून तो लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, त्याचा पातळ चिकट थर मागे राहतो. लावलाच तर नंतर पाण्याने पुसा. काथ्या, भांड्यांची पावडर, थिनर अजिबात नको. आणि डस्टर धुवा. बहुतेक बोर्ड मळकट दिसतात ते मळक्या डस्टरमुळे.

निवृत्त मुख्याध्यापक

वाचून बरंच कळलं. तरी माझा मूळ प्रश्न तिथेच आहे. भिंत, चुंबक, स्पिरिट, फडकं, रिफिल, कोन, टोपण. इतकी काळजी सातत्याने कोण घेणार? फळ्याला कमी काळजी लागते, हे त्याचं बळ आहे.

माळावरची बाई

सर, फळ्याला कमी काळजी लागते म्हणूनच आमच्या फळ्याकडे दहा वर्षं कुणी बघितलं नाही, तडा गेला तरी.

शनिवारी सभा आहे. मी असं मांडणार आहे: तिसरी-चौथीच्या खोलीत, कोरड्या भिंतीवर, एक सिरॅमिकचा आठ बाय चार. दम्याचा मुलगा त्याच खोलीत बसतो. पहिली-दुसरीच्या खोलीची ओल काढून तिथला काळा फळा नव्याने घोटायचा, आणि चित्रकलेच्या सरांनी सांगितलेलं फलकलेखन तिथे दर महिन्याला मुलांकडून करून घ्यायचं. शाई आणि टोकांच्या खर्चाला माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी पाच वर्षांचा शब्द दिलाय, तो मी इतिवृत्तात लिहून घेणार. बदली झाली तरी कागद राहील.

निवृत्त मुख्याध्यापक

इतिवृत्तात लिहून घेताय हे चांगलं. एक करा. शाईचा हिशेब वर्षभर वहीत मांडा, तारखांसकट, आणि पुढच्या गणपतीला इथे टाका. शेजारच्या खोलीतल्या खडूचाही टाका. पांढऱ्याचा खर्च खडूच्या दुपटीत बसला तर मी माझं मत बदलेन. नाही बसला, तर पुढच्या देणगीच्या वेळी तुम्ही माझं ऐकायचं.