फ्लोअर हीटिंग आणि हीट पंप: खोलीगणिक थर्मोस्टॅट असूनही कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद

उत्तर_खिडकी:
नमस्कार मंडळी. घर 120 चौरस मीटर, सगळीकडे अंडरफ्लोअर हीटिंग (फरशीखालच्या पाइपांतून गरम पाणी), पाइपांवर साधारण 5 सेंटिमीटर स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. हीट पंप (बाहेरची उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र) 8 किलोवॅटचा, इन्व्हर्टरवाला म्हणजे गरजेप्रमाणे ताकद कमी-जास्त करणारा, कमीत कमी 3 किलोवॅटपर्यंत खाली येतो. बफर टँक (गरम पाण्याची साठवण टाकी) नाही. सात खोल्या, सात लूप (प्रत्येक खोलीच्या पाइपाचं वेटोळं), प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे लूपना पाणी वाटणाऱ्या नळीवर, तेवढेच ॲक्च्युएटर (लूपचा व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे). सगळं होम असिस्टंटला (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) जोडलंय, पंपाशी बोलणं मॉडबसवरून (यंत्रांमधली माहिती देवाणघेवाणीची पद्धत).

बाहेर 7-8 अंश असले की कॉम्प्रेसर दहा-बारा मिनिटं चालतो, थांबतो, परत सुरू होतो. दिवसभर हेच. फ्लो टेंपरेचर, म्हणजे फरशीत जाणाऱ्या पाण्याचं तापमान, 38 वर कायम ठेवलंय. दक्षिणेकडची खोली दुपारी 24 च्या पुढे जाते आणि पहाटे 19 ला येते. आता प्रत्येक खोलीला स्वतंत्र पीआयडी (तापमानातली चूक बघून आपोआप दुरुस्ती करणारा कंट्रोल) लावावा म्हणतोय. कुणी केलं असेल तर त्याचे आकडे सांगाल का?

मंद_आच:
पीआयडी लिहायला बसू नका. तुमच्याकडे कंट्रोल कमी नाही, जास्त आहे.

आधी पाण्याचं गणित बघा. 3 किलोवॅट उष्णता 5 अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर मिनिटाला साडेआठ लिटर पाणी फिरावं लागतं. एका लूपमधून साधारण दोन लिटर जातं. पाच थर्मोस्टॅटनी आपापले ॲक्च्युएटर बंद केले की उरले दोन लूप, म्हणजे चार-पाच लिटर. त्यात 16 मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जेमतेम 110 मिलिलिटर पाणी मावतं. 80 मीटरचे दोन लूप धरले तरी 18 लिटर! एवढ्याशा पाण्यात 3 किलोवॅट ओतले की काही मिनिटांत पाणी ठरलेल्या तापमानाच्या वर जातं आणि पंप थांबतो. थांबणारच, त्याचा काही दोष नाही.

आता फरशीकडे या. 120 चौरस मीटर गुणिले 5 सेंटिमीटर म्हणजे 6 घनमीटर, वजन सुमारे 12 टन. ते एक अंशाने तापवायला 3.3 युनिट उष्णता लागते. 2 किलोवॅटने तापवलंत तर दीड तासाहून जास्त, तेही उष्णता कुठेच जात नाही असं धरून. खोली 20.9 झाली म्हणून थर्मोस्टॅटने व्हॉल्व्ह उघडला, तर त्याचा परिणाम कळेपर्यंत खिडकीतून ऊन आलेलं असतं. पहाटे 19 आणि दुपारी 24 ची तक्रार आहे ना, त्यातला बराचसा भाग इथे आहे.

मी असं करतो. सगळे थर्मोस्टॅट 25 वर न्यायचे, म्हणजे सगळे लूप उघडे राहतात. पंपात बाहेरच्या तापमानावर चालणारा हीटिंग कर्व्ह सुरू करायचा. सुरुवातीला बाहेर 15 असताना पाणी 24, बाहेर उणे 5 असताना 34, असा ठेवून बघा. मग मॅनिफोल्डच्या कपाटासमोर टॉर्च घेऊन बसायचं. सगळ्यात थंड खोलीचा फ्लोमीटर (लूपमधलं पाणी दाखवणारी आणि कमी-जास्त करणारी काचेची नळी) पूर्ण उघडायचा आणि जास्त तापणाऱ्या खोल्यांचे अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. लाल दांडी काचेत कुठे थांबते ते कागदावर लिहून ठेवा. एक बदल केला की पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही. या घाईपायीच लोकांचं बिनसतं. खोल्या एकमेकींशी जुळल्या की अख्खा कर्व्ह एकेका अंशाने खाली आणायचा, थंड खोली जेमतेम पुरेशी उबदार राहील इतका.

पाणी एक अंशाने खाली आलं की वीज ढोबळमानाने दोन-अडीच टक्के वाचते. 38 वरून 31 वर आलात तर हिशेब तुम्हीच करा.

निळी_झडप:
वरच्या उत्तराशी सहमत, पण झोपण्याच्या खोलीचं काय? आम्हाला तिथे 18 लागतात, बाकी घरात 21. सगळे लूप उघडे ठेवले तर ते कसं जमायचं?

मंद_आच:
फ्लोमीटरनेच. त्या लूपचं पाणी कमी करा आणि दार बंद ठेवा. चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात आतल्या भिंतींतूनच उष्णता येत राहते. त्यामुळे दोन अंशांचा फरक मिळतो, तीनची खात्री देत नाही.

उन्हाच्या खोलीतला ॲक्च्युएटर काढू नका. तो वरची मर्यादा म्हणून, 23 ला बंद होईल असा ठेवा. पण पाणी कोमट असेल तर त्याचं काम बरंचसं फरशीच करते, आणि मला या सगळ्यात आवडतं ते हेच. फरशी 24, हवा 21 असेल तर चौरस मीटरला तीसेक वॅट मिळतात. उन्हाने हवा 22 झाली की आपोआप वीस. ना सेन्सर, ना कोड. पाणी 38 चं असेल तर फरशी जास्त तापते आणि एका अंशाने तिला फारसा फरक पडत नाही.

उत्तर_खिडकी:
हे पटलं. थर्मोस्टॅट 25 वर नेले, कर्व्ह लावला. कालपासून बाहेर 6 अंश आहे आणि कॉम्प्रेसर तासन् तास सलग चालतोय. पाणी 28-29. पहाटे सगळ्यात थंड खोली 20.4.

मग होम असिस्टंटचा उपयोग काय उरला? रात्री तापमान उतरवायचं ऑटोमेशन आधीपासून आहे, ते ठेवू का?

मंद_आच:
रात्रीचं उतरवणं काढा. एवढी जड फरशी रात्रीत फारशी थंड होत नाही, आणि सकाळी तापमान भरून काढायला पंपाला जास्त गरम पाणी करावं लागतं, तेही बाहेर सगळ्यात गारठा असताना.

ऑटोमेशनला एकच काम द्या: कर्व्ह दोन अंशांपर्यंत वर-खाली सरकवणं. उद्या कडक ऊन पडणार असेल तर पहाटेपासून एक अंश खाली. छतावर सोलर असेल किंवा वीज ठरावीक वेळी स्वस्त असेल तर तेव्हा एक-दोन अंश वर. त्या 12 टनांचा इथे साठवणीसाठी खरा उपयोग होतो. बाकी त्याने फक्त नोंद ठेवावी: कॉम्प्रेसर किती वेळा सुरू झाला, फ्लो किती, रिटर्न (परत येणारं पाणी) किती.

रजिस्टर_40:
मॉडबसबद्दल एक सांगतो. बऱ्याच पंपांत सेटिंग कायमच्या मेमरीत लिहिलं जातं आणि तिथे किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते. दर मिनिटाला तेच मूल्य पाठवणारी ऑटोमेशन मी पाहिली आहेत. मूल्य बदललं तरच लिहा. पंपाच्या माहितीपत्रकात तात्पुरतं रजिस्टर (मूल्य लिहायची जागा) वेगळं दिलं असेल तर तेच वापरा.

आणि कर्व्ह पंपातच राहू द्या. होम असिस्टंटचं मेमरी कार्ड ऐन थंडीत गेलं तरी घर गरम राहिलं पाहिजे. फरशीसाठी जास्त तापमानाला पाणी तोडणारा थर्मोस्टॅट असेल तर तो वायरनेच जोडलेला हवा, सॉफ्टवेअरमधून नको. तुमचा बसवलेला आहे का? आणि सर्क्युलेशन पंपालाच बंद करतोय ना, तेवढं तपासा.