शब्दचर्चा : अमली पदार्थ ‘कायदेशीर’ की ‘फौजदारीतून वगळलेले’?

प्रश्न

जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये गांजाबाबतचा कायदा बदलला, तेव्हापासून आमच्या कॉलेजात हा वाद सुरू आहे. मराठी बातम्यांत मात्र पोर्तुगाल असो, कॅनडा असो की जर्मनी, मथळा एकच: ‘गांजा कायदेशीर’. इंग्रजीत लीगलायझेशन आणि डीक्रिमिनलायझेशन हे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्यासाठी ‘निर्गुन्हेगारीकरण’ वाचलं, पण ते बोलताना जीभ अडखळते. आणि गांजाच्या ‘रिक्रिएशनल’ वापराला ‘मनोरंजनात्मक’ म्हणायचं का? वादविवाद स्पर्धेसाठी मुलांना टिपण करून द्यायचंय.

उत्तर

ताई, हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत. नाहीतर एक बाजू तुरुंगाबद्दल बोलेल, दुसरी दुकानाबद्दल, आणि दोघांनाही वाटेल की समोरचा ऐकत नाही.

‘निर्गुन्हेगारीकरण’ सोडून द्या. काही जण ‘गुन्हेगारीमुक्त करणे’ लिहितात, ते तर चूकच आहे. गुन्हेगारीमुक्त गाव म्हणजे जिथे गुन्हे घडत नाहीत असं गाव. कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करताना मला ‘फौजदारीतून वगळणे’ सगळ्यात नेमकं वाटत आलंय. मनाई कायम, पण त्यासाठी माणूस आरोपी होत नाही. फौजदारी म्हणजे काय हे आपल्याकडे शेतावरून भाऊबंदांशी भांडणाऱ्यालाही कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

पोर्तुगाल हे त्याचं खरं उदाहरण. जुलै २००१ पासून तिथे स्वतःपुरता, साधारण दहा दिवस पुरेल इतका पदार्थ जवळ सापडला तर फौजदारी खटला होत नाही. पदार्थ जप्त होतो आणि माणसाला तीन सदस्यांच्या समितीपुढे जावं लागतं. ती दंड करू शकते, उपचारांकडे वळवू शकते. विकणाऱ्यावर मात्र पूर्वीसारखाच खटला चालतो. अशा देशाबद्दल ‘ड्रग्ज कायदेशीर’ असं छापणं ही वाचकाची दिशाभूल आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालू आहे याचा मला खरंच राग येतो.

कॅनडाचं उलट. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे प्रौढ माणूस परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेऊ शकतो. त्याला ‘कायदेशीर विक्री’ म्हणा, किंवा सरळ ‘बंदी उठवली’ म्हणा. चंद्रपूरची दारूबंदी २०२१ साली गेली तेव्हा आपण तेच म्हणालो होतो. जर्मनी मधल्यामध्ये आहे: बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगायला आणि घरी तीन रोपं लावायला मुभा, पण आम विक्रीची दुकानं नाहीत, नोंदणी केलेल्या मंडळांनी पिकवून आपल्याच सभासदांना द्यायचा. तिथे ‘मुभा’ चपखल बसतो.

मुलांना अमेरिकेतल्या ऑरेगनचं उदाहरण जरूर द्या. त्या राज्यात २०१५ पासून गांजा दुकानात मिळतो. शिवाय फेब्रुवारी २०२१ पासून हेरॉइन किंवा मेथ (मेथॅम्फेटामाइन) यांसारखं ड्रग थोड्या प्रमाणात जवळ सापडलं तर खटल्याऐवजी शंभर डॉलर दंड होता. १ सप्टेंबर २०२४ ला ही दुसरी सवलत काढून घेतली, गांजाची दुकानं तशीच राहिली. दोन्हींना ‘कायदेशीर’ म्हणून ही बातमी मराठीत लिहून बघा. लिहिताच येत नाही.

आणखी एक

मी फौजदारी वकिली करतो. वरच्या दादांशी सहमत. एक भर: ‘गांजा’ आणि ‘भांग’ एकमेकांच्या जागी वापरू नका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. पंचनाम्यात मात्र ठरलेलं वाक्य असतं: ‘उग्र वासाचा, पाने, फुले, बोंडे, बिया व काड्या असलेला गांजा’, आणि वजन सगळ्याचं मिळून. एक किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी. व्यापारीला किमान दहा वर्षं. आता काड्या-पानांसकट २१ किलो भरले, पण नुसते शेंडे २० किलोच्या आत असतील तर? जामिनाच्या अर्जात आम्ही इथेच बोट ठेवतो. भांग नुसत्या पानांची, म्हणून तिला या कायद्यातून सूट; पण म्हणजे ती सगळीकडे मोकळी, असंही समजू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो.

पुन्हा पहिल्या उत्तराकडून

वकीलसाहेब, आभार. ‘रिक्रिएशनल’चं राहिलं होतं.

‘मनोरंजनात्मक’ नको, ‘करमणुकीसाठी’ही नको. या वादात खरा फरक औषध म्हणून घेणं आणि नशेसाठी घेणं असा आहे, तर तसंच म्हणावं: ‘औषधी वापर’ आणि ‘नशेसाठी वापर’. ‘नशा’ शब्दाने आधीच निकाल लागतो, असा आक्षेप मी ऐकलाय. मला तो पटत नाही. नशा चढते, उतरते. ते परिणामाचं नाव आहे. निकाल लागतो तो ‘नशेबाज’, ‘चरसी’, ‘गर्दुल्ला’ या शब्दांनी. मुंबईत ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली आणि तिच्यामागून ‘गर्दुल्ला’ आला. फलाटावर पडलेल्या पोराचं नाव-गाव त्या एका शब्दाने पुसलं गेलं. हे शब्द टिपणात कुठेही येऊ देऊ नका, दोन्ही बाजूंच्या मुलांना तसं सांगा.

‘व्यसन’ही जपून. कायद्यात ‘सेवन’ आहे, आणि सेवन करणारा प्रत्येक जण व्यसनाधीन नसतो. उलट जो आहे आणि आपणहून उपचारांना तयार होतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट देणारं कलम, ६४-अ, आपल्याच कायद्यात आहे. वादाच्या दोन्ही बाजू ते विसरतात.

स्पर्धेचा विषय मी असा लिहीन: ‘नशेसाठी गांजा स्वतःपुरता बाळगणे आणि सेवन करणे फौजदारीतून वगळावे’. विक्रीवर बोलायचं असेल तर तो वेगळा विषय ठेवा, दुसऱ्या फेरीला.