मदत हवी आहे : फ्युकॉयडनचा परिणाम खरा की एंडोटॉक्सिनचा?

नमस्कार मंडळी, सागरी संयुगं, कर्करोग आणि प्रतिकारशक्ती या विषयावर सेमिनार द्यायचा आहे. एका ठिकाणी गाडी अडली आहे.

ट्रॅबेक्टेडिनचं प्रकरण सोपं वाटलं. खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या एका सागरी प्राण्यात सापडलेलं हे औषध गाठीच्या पेशी मारतंच, शिवाय गाठीला मदत करणाऱ्या मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशीही कमी करतं. युरोपात २००७ पासून मान्यता आहे, म्हणजे माणसांमधली माहितीही भरपूर.

घोळ आहे तो तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉयडन या पॉलिसॅकराइडचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ). प्रयोगशाळेत त्याने डेंड्रिटिक आणि एनके या प्रतिकारशक्तीच्या पेशी सक्रिय होतात असं बऱ्याच पेपरांत आहे. पण फ्युकॉयडन हा एकच रेणू नाहीच! शेवाळाची जात, काढण्याची पद्धत, रेणुभार, सल्फेटचं प्रमाण, सगळंच बदलतं. मग दोन पेपरांची तुलना करायची कशी? त्यात नमुन्यात जीवाणूंचं एंडोटॉक्सिन असेल, तर तेवढ्यानेही डेंड्रिटिक पेशी चेकाळतात. काही पेपरांत याची तपासणी केल्याचा उल्लेखच नाही, हे मला तरी खटकतं.

पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिनला चिकटून ते निष्प्रभ करणारं प्रतिजैविक) घालून केलेलं कंट्रोल इथे पुरेसं मानावं का? ते धनभारित, फ्युकॉयडन ऋणभारित. दोघं एकमेकांनाच चिकटले तर? टीएलआर४ (एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर) नसलेल्या उंदरांच्या पेशी वापरणं जास्त भरवशाचं ठरेल का?

पॉलिसॅकराइडवर प्रत्यक्ष काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. पूरक गोळ्यांच्या जाहिराती कृपया पाठवू नका.