मदत हवी आहे: ५व्या लेव्हलला पॅलाडिनचा एसी (बचावाचा आकडा) २३, लढाया कशा आखू?

नवा_डीएम: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. चार खेळाडू, सगळे ५व्या लेव्हलला. पॅलाडिनकडे (धर्मयोद्धा; कंसात एसीचे आकडे) प्लेट चिलखत (१८), +१ ढाल (३), क्लोक ऑफ प्रोटेक्शन (१), रिंग ऑफ प्रोटेक्शन (१). स्ट्रेंग्थ (ताकद) १८, डेक्स (चपळाई) १०. फायटरकडे फ्लेम टंग ग्रेटस्वोर्ड (पेटणारी जादुई तलवार). विझर्डकडे (जादूगार) एकही जादुई वस्तू नाही, एसी १२, हिट पॉइंट ३२.

ओगरचा (दांडगा राक्षस) हल्ला +६, फासा आणि हे मिळून एसी गाठायला हवा, त्यामुळे पॅलाडिनला लागायला वीसबाजूंच्या फाशावर १७ पडावे लागतात. मॉन्स्टरचा हल्ला +९ करू, की गोष्टीत चोरी घडवून वस्तू काढून घेऊ?

वीसबाजू: दोन्ही नको. +९ केलात तर पॅलाडिनला घाव लागण्याची शक्यता २० टक्क्यांवरून ३५ वर जाईल, पण विझर्डला ७५ वरून ९०! ओगरचा घाव सरासरी १३चा असतो, तीन घावांत विझर्ड आडवा. शिक्षा चुकीच्या माणसाला होते. आणि चोरी एकदा केलीत की खेळाडू रोज रात्री सामानाला पहारा लावतात, निम्मं सत्र त्यातच जातं.

एसीला वळसा घाला. पहिला मार्ग शव्ह: ढकलून पाडायला एसी लागतच नाही, अ‍ॅथलेटिक्सची (ताकदीच्या कौशल्याची) फाशांवर चढाओढ असते. ओगर +४ विरुद्ध पॅलाडिन +७, म्हणजे साधारण तिनांतून एकदा जमेल. दोन ओगरना प्रयत्न करू द्या. पडला की पाच फुटांच्या आतल्यांना अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), आणि २३ एसीवरही शक्यता ३६ टक्के होते. क्लोक-रिंग नसती आणि साधी ढाल असती, एसी २० असता, तर सरळ हल्ल्याला ३५ टक्के मिळाले असते. जवळपास तेवढंच! मात्र पाडणाऱ्याची पाळी बाकीच्यांच्या आधी आणि पॅलाडिनची त्यांच्या नंतर हवी, नाहीतर तो अर्धी चाल खर्चून उठतो.

दुसरा मार्ग सेव्हिंग थ्रो (जादू वगैरे चुकवायला टाकायचा फासा). डीसी (गाठायचा आकडा) १५चा फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, आला तर क्लोक आणि रिंग धरून त्याचा डेक्स सेव्ह +२, म्हणजे ६० टक्के वेळा फसेल.

तळघरातला_नकाशा: सेव्हवर फार विसंबू नका. ६व्या लेव्हलला पॅलाडिनचा ऑरा येतो, त्याच्या करिश्म्याचा बोनस सगळ्या सेव्हमध्ये मिळतो, जवळच्या साथीदारांच्याही.

मला यातली जड वस्तू फ्लेम टंग वाटते. ग्रेटस्वोर्डचा घाव सरासरी ११, पेटल्यावर १८. ओगरचे ५९ हिट पॉइंट संपवायला आधी सहा घाव लागायचे, आता चार. हल्ला न वाढवता मॉन्स्टरची संख्या वाढवा, अंतर ठेवून उभे करा, काहींना आगीचा रेझिस्टन्स (निम्मं नुकसान) द्या. सगळ्यांना दिलात तर बक्षीस परत घेतल्यासारखंच झालं.

प्रमाणाचा अंदाज घ्या. झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग या नियमपुस्तकातल्या तक्त्यात चौघांच्या पार्टीला ४थ्या लेव्हलपर्यंत दोन मोठ्या (मेजर) जादुई वस्तू, ५ ते १० मध्ये आणखी सहा. तुमच्या चारही त्या यादीत मोठ्याच. म्हणजे १०व्या लेव्हलपर्यंत उरल्या चार. त्यातल्या पहिल्या दोन विझर्ड आणि क्लेरिकच्या (पुजारी) कामाच्या असू द्या.

नवा_डीएम: रिंग विझर्डला द्यायला पॅलाडिन तयार नाही.

तळघरातला_नकाशा: मागू नका. विझर्डला ब्रेसर्स ऑफ डिफेन्स (जादुई मनगटपट्टे) द्या. चिलखत आणि ढाल नसेल तरच +२ मिळतात, त्यामुळे पॅलाडिनला उपयोग शून्य. मेज आर्मर या मंत्रासोबत विझर्डचा एसी १७ होतो, ओगरची शक्यता ७५ वरून ५० टक्के.

वीसबाजू: पॅलाडिनच्या अट्यूनमेंटच्या (वस्तूशी जादुई जुळणीच्या) तीन जागांपैकी दोन भरल्यात (ढालीला लागत नाही). पुढे त्याला आवडतील अशा अट्यूनमेंटच्या दोन वस्तू ठेवा, क्लोक की रिंग सोडायची ते तोच ठरवेल. अदलाबदलीला शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) लागते, लढाईत होत नाही.

आणि अनकॉमन (फार दुर्मीळ नाही) लिहिलंय म्हणून ब्रूम ऑफ फ्लाइंग (उडणारा झाडू) देऊ नका. तिला अट्यूनमेंट नाही, वेळेची मर्यादा नाही, आणि ओगरकडे दूरवर मारायला फक्त भाला असतो.